आई, उद्या शाळेत न्यायचंय!

चौथीची_आई | मंगळवार, रात्री १२:४७

बोटांना फेविकॉल चिकटलाय आणि झोप पार उडाली आहे, म्हणून धागा काढतेय.

जेवणं झाली होती, ओटा पुसून झाला होता, उद्याची गवार निवडून डब्यात गेली होती, विरजण लागलं होतं. दिवसातली ही पाचच मिनिटं अशी असतात की मला वाटतं, जमतंय की आपल्याला संसार! नेमके तेव्हाच आमचे चिरंजीव तोंडात पेस्टचा फेस घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"आई, उद्या आगगाडी न्यायचीय."

"कुठली आगगाडी?"

"पहिली."

पहिली म्हणजे १६ एप्रिल १८५३ची, बोरीबंदर ते ठाणे. चित्र चालणार नाही, मॉडेल हवं. बाईंनी सांगितलंय. कधी सांगितलं? "मागे." मागे म्हणजे कधी? "मागे म्हणजे मागे गं."

पावणेदहा वाजले होते. गाऊनवर ओढणी टाकून खाली धावले. स्टेशनरीवाल्याचं शटर पाऊण खाली आलेलं, त्यातून वाकून ओरडले. त्याने काळा घोटीव कागद आणि लाल क्रेप दिला. थर्माकोल मागितल्यावर मी अफू मागितल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, "ताई, २०१८च्या बंदीपासून ठेवतच नाही." मग डोकं चाललं: काडेपेट्या! काडेपेटी म्हणजे तयार डबाच की. पानाच्या टपरीवर गेले. टपरीवाला ओळखीचा आहे. एकदम चौदा काडेपेट्या मागितल्यावर त्याने हातातलं पान खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?"

चौदाच का? कारण गाडीला १४ डबे होते आणि बाईंनी ते फळ्यावर लिहिलंय. मी म्हटलं चार लावू, मागे गाडी बोगद्यात आहे असं सांग. ऐकेना. इंजिनंही तीन हवीत, साहिब, सिंध आणि सुलतान. त्यासाठी फॉइलचा नवा कोरा रोल सोडला, आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचे तीन तुकडे केले. फॉइल सध्या लाटण्याला गुंडाळून ठेवली आहे. चाकांसाठी माझ्या काळ्या टिकल्यांची तीन पाकिटं गेली.

नवरा मोबाइलमधून डोकं वर काढून एकदाच बोलला, "अगं, २१ तोफांची सलामी दिली होती ना? तोफा राहिल्या."

गाडी आता टीव्हीवर वाळतेय. तर मंडळी, तुमच्याकडे आलेली सगळ्यांत उशिराची मागणी कोणती? आणि अशा रात्रींसाठी घरात काय काय साठवून ठेवता?

---

पिंपळपान | रात्री १:०२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मुख्य प्रश्न: तोफा केल्या का?

---

चौथीची_आई | रात्री १:०६

केल्या. २१ लवंगा, कणकेत खोचून. उद्या मसालेभात करायचा होता, तो रद्द.

---

खिडकीवाली | बुधवार, सकाळी ७:५५

गाडीतूनच लिहितेय. विरारहून. लवंगांच्या तोफांवर इतकी हसले की शेजारच्या काकूंना धागा वाचून दाखवावा लागला. आता आख्खा डबा वाचतोय.

माझी मागणी सकाळची आहे. पावणेसहाला लेक उठून म्हणाली, "आज मण्यांची माळ न्यायची होती, ओवायला विसरले." तिची शाळा दुपारची, आणि मी सातला घर सोडते. मणी, दोरा, सुई पर्समध्ये टाकली आणि निघाले. बोरिवलीपर्यंत मी ओवत होते. मग समोरचीने हातातून घेतली, "द्या, तुमचा हात हलतोय." अंधेरीला तिसरीकडे गेली. दादरला गाठ मारली ती आमच्या ग्रुपमधल्या नर्सबाईंनी, ती गाठ आजतागायत सुटलेली नाही. दादरला बहीण येऊन माळ घेऊन गेली आणि दुपारी शाळेत पोचवली. शेरा: "स्वतः केलेले काम. उत्तम."

आमच्या घरात हे पिढीजात आहे. १९९२ साली लेडीज स्पेशल सुरू झाली, चर्चगेट ते बोरिवली, तेव्हापासून माझी आई त्या गाडीने जायची. माझे शाळेतले काशिद्याचे रुमाल बरेचसे गाडीतच झालेत. एका रुमालावर पाच जणींचे टाके आहेत, मी ओळखू शकते.

---

बदलापूरकर | सकाळी ९:४०

बापांच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं.

मला मागणी फोनवर येते. संध्याकाळी सीएसएमटीला गाडीत पाय ठेवला की फोन: "येताना चार्टपेपर आण, पिवळा. पिवळा नसेल तर परत फोन कर." बदलापूर गाडीत, गर्दीच्या वेळी, चार्टपेपर. ज्यांनी हा प्रवास केला नाही त्यांना सांगतो: गुंडाळी दादरपर्यंत गोल असते. ठाण्याला चपटी होते. कल्याणला तिच्यावर कोणाचा तरी कोपर येतो. घरी पोचल्यावर आमची ही तिला इस्त्री करते. गेल्या वर्षीच्या 'जलचक्र' तक्त्यावर ढगांच्या बरोबर मधोमध बुटाचा ठसा आहे. मुलीने त्याला 'कमी दाबाचा पट्टा' असं नाव दिलं आणि दहापैकी नऊ मिळवले.

---

भाजीत_भाजी | सकाळी १०:१५

बदलापूरकर, कमी दाबाचा पट्टा!!! मुलगी मोठी होऊन नाव काढणार.

आम्ही पुण्यात, वाकडला. बाकी सगळं सारखंच, फक्त गाडीऐवजी सोसायटी. रात्री साडेनऊला लेक: "आई, उद्या मोड आलेली मटकी न्यायचीय. कापसावर. आठ दिवस निरीक्षण केलेली."

आठ दिवस!

बरं, मोड काही विनवण्या करून येत नाहीत. भिजवायची रात्र, बांधायची रात्र, हे कुठलीही आई झोपेत सांगेल. निरीक्षणवहीत तर आठ चित्रं हवी होती: पहिला दिवस, दुसरा दिवस वगैरे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "कोणाकडे मोड आलेली मटकी आहे का, अर्जंट." तेराव्या मजल्यावरच्या ताईंकडे दुसऱ्या दिवशीच्या उसळीची होती, वाटीभर दिली. सातव्या मजल्यावरून नुसती भिजवलेली आली. आमच्या घरी कोरडी. झाले की तीन टप्पे! मधले दिवस लेकाने कल्पनेने रंगवले. निरीक्षणात लिहिलं, "पाचव्या दिवशी विशेष काही घडले नाही."

ग्रुपवर मात्र दोन दिवस लोक विचारत होते, उसळ कशी झाली.

---

निर्मोही | सकाळी ११:२०

सगळ्यांचं वाचलं, हसलेही. पण मला एक कळत नाही. आपण हे का करतो? मी सरळ नाही म्हणते. रात्री नऊनंतर मागितलं तर मिळणार नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. एकदा रिकाम्या हाताने जाऊ दे, बाईंची बोलणी खाऊ दे, पुढच्या वेळी आठवेल. रात्री बारापर्यंत आईने काडेपेट्या चिकटवल्या तर मूल शिकलं काय? की आई आहे, ती करेल.

राग मानू नका. ठाण्यातल्या एका शिस्तप्रिय घरातून लिहितेय.

---

पिंपळपान | सकाळी ११:२६

नियम पाळल्यावर काय झालं तेही सांगा की. नुसता नियम काय सांगताय.

---

निर्मोही | सकाळी ११:४१

सांगते. प्रामाणिकपणे.

घोटीव कागद हवे होते, रात्री साडेनऊला सांगितलं, मी नाही म्हटलं. मुलगा शांतपणे झोपला. मला वाटलं, चला, धडा मिळतोय. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारल्यावर त्याने मान खाली घालून सांगितलं, "आई म्हणाली मिळणार नाही." बस, एवढंच. त्या आठवड्यात शाळेतून त्याच्या दप्तरात घोटीव कागदांचं पाकीट आलं, सोबत दोन वह्या आणि एक कंपासपेटी. वर चिठ्ठी: "काही अडचण असल्यास संकोच न करता भेटावे."

मी आणि नवरा दोघेही आयटीत आहोत हो!

---

खिडकीवाली | सकाळी ११:५०

निर्मोही 🙏 ऑफिसात आहे, तोंडावर फाइल धरून हसतेय. कंपासपेटी परत केलीत ना?

---

निर्मोही | दुपारी १२:०५

केली. आणि शाळेच्या गरजू विद्यार्थी निधीला देणगीही दिली. कागद हजारात पडले. नियम मात्र अजून आहे. फक्त साडेनऊपर्यंत वाढवलाय.

---

तिरकस_बाण | दुपारी १:१०

एकंदरीत या धाग्यावरून दिसतं ते इतकंच की घरांत नियोजन नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, डायरी बघितली, यादी केली, सामान आणलं की प्रश्न मिटला. आमच्याकडे मुलगा पाचवीत आहे, रात्री असा गोंधळ मी आजवर एकदाही पाहिलेला नाही.

---

खिडकीवाली | दुपारी १:१४

पाहिला नाही, कारण तुम्ही तेव्हा झोपलेले असता. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा.)

---

भाजीत_भाजी | दुपारी १:२०

बाणसाहेब, मुलाची तुकडी कुठली? गूगल न करता. म्हणजे बायकोला न विचारता.

---

तिरकस_बाण | दुपारी १:५८

ब.

---

भाजीत_भाजी | दुपारी १:५९

उत्तराला अडतीस मिनिटं लागली आहेत याची नोंद घ्यावी.

---

बदलापूरकर | दुपारी २:१०

बाणांना एकटं पाडू नका, मी सोबत आहे. गेल्या सत्रात पालकसभेला मी एकटा गेलो. चाळीस मिनिटं रांगेत उभा. नंबर आला. बाईंनी प्रगतिपुस्तक चाळलं, मुलीचं नाव पुन्हा विचारलं, मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाल्या, "ही 'क' तुकडी आहे." धावत 'अ'मध्ये गेलो, तिथे बाई पर्स उचलून निघाल्या होत्या. घरी काय सांगायचं याचा जिन्यातच सराव केला. "छान आहे म्हणाल्या, फक्त अक्षर सुधारा." बायकोने विचारलं, "गणिताच्या बाई अक्षराबद्दल बोलल्या?"

---

जुनीपाटी | दुपारी ३:३०

मी एरवी वाचनमात्र असते, मुलुंडची आजी. सूनबाईंनी धागा पाठवला. (कोणत्या हेतूने, ते मला कळलेलं आहे.)

आमच्या वेळी असलं काही नव्हतं, पाटी-दप्तर घेतलं की शाळा, असं मी घरात नेहमी म्हणते. आज खरं सांगते. आम्हाला टकळी होती. सूतकताईचा तास असायचा, घरून पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळ्या) आणायचे आणि सूत कातून गुंडी बाईंना दाखवायची. मला सूत कधी धड निघालं नाही, दर वितीला तुटायचं. आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून एक आजोबा होते, पांढरी टोपी, रोज पहाटे कातायचे. आदल्या रात्री माझी आई त्यांच्याकडे वाटीभर साखर घेऊन जायची आणि येताना पदराखाली सुताची गुंडी आणायची. बाई वर्गात माझी गुंडी सगळ्यांना दाखवायच्या, किती बारीक, किती एकसारखं! स्वावलंबनाच्या तासाला मला पहिला नंबर होता.

तर फसवाफसवी आजकालची नाही. तेव्हा ती साखरेच्या वाटीत व्हायची, एवढंच.

---

पिंपळपान | दुपारी ३:४१

आजी, साष्टांग नमस्कार. स्वावलंबनात परावलंबी पहिला नंबर!

---

खडूफळा | संध्याकाळी ५:०५

आता माझी पाळी. मी शिक्षिका आहे, प्राथमिकला, कल्याणमध्ये. गेला तासभर हा धागा वाचून दात-ओठ खातेय.

अहो, आम्ही "उद्या आणा" असं सहसा सांगतच नाही! सोमवारी सांगतो, गुरुवारी आठवण करतो, डायरीत लिहायला लावतो. मुलं लिहितात. मग डायरी दप्तरात जाते, दप्तरात डबा असतो, डब्यात रसभाजी असते. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ज्या मुलाला 'उद्या' आणि 'पुढच्या मंगळवारी' यातला फरक फक्त स्वतःच्या वाढदिवसाच्या वेळी कळतो, त्याच्यावर टपालखात्याचं काम सोपवल्यावर टपाल असंच पोचणार.

दुसरं, कोणी केलंय ते आम्हाला लगेच कळतं. दिवाळीनंतर किल्ल्यांचे फोटो येतात. तटावर अळीव उधळलेला, एका बुरुजावर प्लॅस्टिकचा वाघ आणि महाराजांपेक्षा मावळे मोठे, तो किल्ला मुलाचा. ज्याच्या तटबंदीत जंग्या (बंदुकीसाठी ठेवलेली भोकं) आहेत आणि दरवाजा बरोबर दोन बुरुजांच्या आड वळणावर लपवलाय, तो बाबांचा. गेल्या वर्षी एकाने पाण्याच्या टाक्यात मोटार लावून कारंजं उडवलं होतं. मी मुलाला विचारलं, हे कसं केलंस? म्हणाला, "मला हातच लावू दिला नाही."

तरीही तुमच्यावर ओरडण्याचा हक्क मला नाही. माझी मुलगी माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात होती. पवनचक्की मी स्वतः सांगितली होती. रात्री दहाला अंथरुणातून माझ्याच लेकीचा आवाज: "आई, उद्या बाईंनी पवनचक्की मागितलीय."

मी म्हटलं, "अगं, बाई म्हणजे मीच ना!"

म्हणाली, "मग तू सांग ना बाईंना, नाही झाली."

---

चौथीची_आई | संध्याकाळी ५:३०

खडूफळा ताई, मग केलीत का पवनचक्की?

---

खडूफळा | संध्याकाळी ५:३३

बाईंना घाबरून केली.

---

एडिसनची_मावशी | संध्याकाळी ६:४५

न्यू जर्सीहून हजेरी. इकडे सगळं ईमेलवर येतं, महिना आधी, रंगीत. त्यामुळे आम्ही विसरतो ते लेखी पुराव्यासकट विसरतो.

इथे शाळेचा शंभरावा दिवस साजरा करतात, साधारण फेब्रुवारीत येतो. मुलांनी कुठल्याही शंभर वस्तू मोजून न्यायच्या. आदल्या रात्री आठवलं. शेंगदाणे सगळ्यांत सोपे, पण दाण्याची ॲलर्जी असते म्हणून शाळेत बंदी. हात लागला तो चुरमुऱ्यांच्या पिशवीला. मोजले शंभर, नवऱ्याने उलटतपासणी केली, पिशवी बंद केली. शाळेत बाईंनी मोजले तर त्र्याऐंशी. बसमध्ये भूक लागली होती म्हणे. बाईंनी त्यावरच वजाबाकीचा धडा घेतला.

त्याच दिवशी काही मुलं शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यांसारखी नटून जातात. मी लेकीला साबांची (सासूबाईंची) शाल पांघरली, केसांना टाल्कम पावडर, हातात छत्री, कमरेत वाकवली. साबा तेव्हा नागपूरहून आल्या होत्या, वय ७१. पायऱ्यांवरून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हातारी म्हणजे अशी होय? मी रोज पाच किलोमीटर चालते." आणि शाल काढून घेतली. मुलगी शाळेत नुसतीच पावडर लावून गेली. सगळ्यांना वाटलं, ती बर्फाची परी आहे.

---

रोमातून | संध्याकाळी ७:२०

या धाग्यासाठी आज रोमातून (म्हणजे नुसतं वाचण्यातून) बाहेर आलो. आमच्या घराचा विषय आषाढी एकादशी. शाळेत दिंडी. आदल्या रात्री दहाला मुलगा: "मला विठ्ठल केलंय." वारकरी असता तर पांढरा कुर्ता आणि टोपी होती. विठ्ठल म्हणजे पीतांबर, मुकुट, तुळशीमाळ. पीतांबर म्हणून आईचं मुकटं नेसवलं (परत आलं तेव्हा त्याच्यावर गंध, चॉकलेट आणि शाई), मुकुट पुठ्ठ्याचा.

सकाळी अडचण वेगळीच. बाईंनी सांगितलं होतं, हात कमरेवर ठेवायचे, काढायचे नाहीत. आमचा विठ्ठल आज्ञाधारक. बसच्या पायऱ्या चढेना. हात काढ म्हटलं तर "विठ्ठल काढत नाही." शेवटी बसच्या काकांनी "पांडुरंगा, सात मिनिटं उशीर झालाय" म्हणत उचलून आत ठेवला.

शाळेत गेल्यावर कळलं, एकोणीस विठ्ठल होते आणि वारकरी दोन. प्रत्येक आईला वाटलेलं, आपल्यालाच सांगितलंय.

---

जुनीपाटी | संध्याकाळी ७:३८

मुकटं मशीनला लावलं नाही ना? नाहीतर आणखी एक धागा काढा.

---

शंकासुर | रात्री ८:१०

उशिरा आलो. दोन नोंदी.

१) धागाकर्तीने काडेपेट्यांना किती दिले लिहिलेलं नाही. काडेपेटी २००७पासून एक रुपयाला होती, डिसेंबर २०२१मध्ये दोन रुपये झाली. म्हणजे चौदा पेट्यांचे २८. हाच प्रकल्प त्याआधी झाला असता, तर निम्म्यात भागलं असतं.

२) त्या पहिल्या गाडीत सुमारे ४०० पाहुणे होते आणि अंतर ३४ किलोमीटर. १४ डब्यांत ४०० माणसं म्हणजे डब्याला तिशीच्या आत. ठाण्याला जाणारी अशी गाडी त्यानंतर कोणी पाहिलेली नाही.

---

खिडकीवाली | रात्री ८:१६

दुसऱ्या नोंदीला +१. पहिल्याच गाडीत सगळ्यांना बसायला मिळालं, तिथेच आपल्या अपेक्षा वाढल्या.

---

निर्मोही | रात्री ८:३०

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कोणी घेतच नाहीये. घरात काय साठवावं? नियम साडेनऊपर्यंत आणल्यावर मी एक पेटी केली आहे. काळा आणि पांढरा चार्टपेपर, तोही घडीचा, गुंडाळीचा नाही (बदलापूरकर, तुमच्यासाठी). घोटीव कागद, क्रेप, आइसक्रीमच्या काड्या, लोकर, जुन्या लग्नपत्रिका (त्यांचा पुठ्ठा फार कामाचा), दुतर्फी टेप. पासपोर्ट फोटो दहा प्रती, आई-वडिलांचेही. 'माझे कुटुंब' नावाचा प्रकल्प प्रत्येक इयत्तेत येतो.

---

भाजीत_भाजी | रात्री ८:४१

कॅलेंडर पण लावा त्या पेटीच्या झाकणाला. १ ऑगस्ट आला की टिळकांचं पागोटं, ३ जानेवारीला सावित्रीबाई. सावित्रीबाईंची साडी सोपी, आईची ओढणी चालते. पागोटं सोपं नाही. आमचं पागोटं राष्ट्रगीत सुरू असताना सुटलं, आणि टिळक सावधान स्थितीत असल्यामुळे उचलताही आलं नाही.

---

जुनीपाटी | रात्री ८:५५

नारळाच्या करवंट्या ठेवा दोन. कशाला लागतील विचारू नका, लागतात.

---

एडिसनची_मावशी | रात्री ९:०५

आणि माणसंही साठवून ठेवा. तेराव्या मजल्यावरच्या ताई, दादरला उतरणारी नर्स, ते सूत कातणारे आजोबा. इथे शेजारी बेल न वाजवता मेसेज करतात, 'उद्या दुपारी तीनला पाच मिनिटं मोकळी आहेस का.' मोड आलेली मटकी अशी मिळत नाही हो.

---

पिंपळपान | रात्री ९:२०

धागाकर्ती कुठे आहे? गाडी शाळेत पोचली का? की सिग्नल नाही?

---

चौथीची_आई | रात्री ९:५२

आले, आले. ऑफिसातून येताना गाडी खरोखरच मुंब्र्याला वीस मिनिटं उभी होती.

तर वृत्तांत. आमची १८५३ सकाळी पिठाच्या चाळणीत ठेवून, वर ओढणी टाकून, रिक्षातून शाळेत गेली. पोळ्या तांब्याने लाटल्या, लाटण्यावर फॉइल असल्यामुळे. (तांब्याने पोळी गोल येते, करून बघा. पातळ येत नाही.) दुपारी घरी आल्यावर साहेबांकडून साबांना कळलं की तो गटप्रकल्प होता. चार मुलांत मिळून एक गाडी. याने इंजिनं करायची होती, दुसऱ्याने डबे, तिसऱ्याने रूळ आणि चौथ्याने माहिती लिहायची. चौघांनीही आपापल्या घरी "आगगाडी न्यायचीय" एवढंच सांगितलं. चार आया, चार पूर्ण गाड्या. एकीने तर रुळाशेजारी हत्ती उभा केलाय, तो का ते कोणालाच माहीत नाही. बाईंनी चारही गाड्या कपाटावर एकामागे एक लावल्या आणि म्हणाल्या म्हणे, "हा मेगाब्लॉक आहे."

आमच्या मातांच्या ग्रुपवर काल रात्री अकराला एकीने विचारलं होतं, "कोणाला गाडीचं माहीत आहे का?" त्यावर सत्तेचाळीस वेळा "नाही, कळलं तर सांगा" आलं होतं आणि एक "आमची कालच झाली 😊". ती हत्तीवाली.

---

खडूफळा | रात्री ९:५८

हत्ती दहा दिवस आधी सुरू केल्याशिवाय होत नाही. माझं म्हणणं सिद्ध झालं.

---

शंकासुर | रात्री १०:०३

एक राहिलंच. चौदा पेट्या रिकाम्या केल्यात, म्हणजे पाचेकशे काड्या तरी निघाल्या असतील. त्यांचं काय केलंत?

---

चौथीची_आई | रात्री १०:१०

विचारलंत! लोणच्याच्या बरणीत भरून ठेवल्या. आज संध्याकाळी साबा देवाजवळ दिवा लावायला गेल्या. घरातली जुनी पेटीसुद्धा रात्री डबा नंबर चौदा झाली होती, कारण टपरीवाल्याकडची एक ओली निघाली. काड्या बरणीभर आहेत, पण घासायला कड नाही. कडा सगळ्या लाल क्रेपखाली शाळेत. साबांनी फरशीवर घासली, भिंतीवर घासली, पाट्याला घासली. शेवटी काडी गॅसवर पेटवून देवापर्यंत नेताना दोनदा विझली. तिसऱ्यांदा पोचली, तेव्हा साबा एकदाच म्हणाल्या, "पहिली रेल्वे निघाली तेव्हा आपल्या घरात निदान उजेड होता."

---

बदलापूरकर | रात्री १०:१४

शाळेतून एक डबा परत मागवा की. एका डब्याने काय होणार आहे?

---

चौथीची_आई | रात्री १०:१७

मागितला. म्हणाला, "मग गाडी तेरा डब्यांची होईल."